फॅनन थेट चिकटवू नकोस

बडोद्याच्या अभ्यासमंडळात वसाहतवाद आणि पाश्चात्त्य लोकमत यांवर टिपण वाचणार आहेस, तर वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या फ्रान्ट्झ फॅननची मतं उचलून गाझा किंवा युक्रेनला लावू नकोस. त्याच्यासमोर अल्जीरिया होता: १८३० पासूनची फ्रेंच सत्ता, सुमारे १० लाख युरोपीय रहिवासी, आणि त्यांना परतायला फ्रान्स. आधी वहीत उतरव की जमीन कोणाच्या ताब्यात, कायदा सगळ्यांना एकच आहे का, आणि वर बसलेल्यांना माघारी जायला देश आहे का. शेवटच्या प्रश्नावरच बहुतेक तुलना गडगडतात.

अप्रत्यक्ष सत्ता, म्हणजे गादीवर स्थानिक राजा आणि लगाम परक्यांच्या हाती, ही वेगळीच जात; ती तर इथेच बघ. १८७५ला बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्या इंग्रजांनी नेमलेल्या चौकशीत तिघे इंग्रज सदस्य एका बाजूला, तिघे हिंदी दुसऱ्या, गादी गेलीच.

पाश्चात्त्य लोकमताचं म्हणशील, तर मोर्चे बघून हुरळू नकोस. जानेवारी १९६१च्या सार्वमतात फ्रान्समध्ये साधारण ७५ टक्क्यांनी अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाला कौल दिला, पण तोवर सक्तीच्या भरतीत घरोघरची पोरं गेली होती. जनमत चाचणीचा आकडा देताना प्रश्नाचे नेमके शब्द आणि तारीख लिहीच. ‘सहानुभूती कोणाशी’ आणि ‘शस्त्रं द्यावीत का’ यांना एकच माणूस उलटसुलट उत्तरं देतो.