चीनमध्ये टॅक्सीसाठी आधी कोणते चिनी शब्द शिकावेत?

आधी शून्य ते नऊ आकडे शिका. ॲपवरून गाडी बोलावली की बसताना चालक बहुतेकदा तुमच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारतो, आणि नवखे तिथेच अडतात. फोन नंबरात १ ला 'ई' नाही, 'याव' म्हणतात, कारण 'ई' आणि ७ चा 'छी' ऐकताना गोंधळ होतो. मग हे पाठ करा:

- श-फू: चालकाला आदराने हाक
- वो याव छ्यू…: मला … ला जायचंय
- च्वो च्वान / यो च्वान: डावीकडे / उजवीकडे वळा ('च्वो'चा च 'चांगला'मधला)
- थिंग: थांबा
- ताप्याव: मीटर टाका
- फाफ्याव: पावती. ही घ्याच, तिच्यावर गाडीचा नंबर असतो, सामान विसरलं तर शोध तिथून सुरू होतो.

त-थ, प-फ हा फरक मराठी कानाला सहज जमतो, तो नीट पाळा. मात्र देवनागरीत सूर (टोन) उमटत नाहीत, म्हणून उच्चार ऐकूनच पक्के करा. ठिकाणांची नावं तर हमखास चुकतात. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनवर ठेवा आणि सरळ दाखवा.