शोची गाडी काहून तोडतात?

प्रश्न : नमस्कार दादा, मी नागपुरात हिंगणा रोडवर डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात काम करतो. एका कंपनीच्या प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी आम्ही कस्टम गाडी बनवली, जुनी चासी न् त्यावर पूर्ण फायबरची बॉडी, दीड महिना लागला, शेवटचं घासकाम मी पाणी-पेपरनं हातानं केलं. चार दिवस लोकांनी सेल्फी काढले न् पाचव्या दिवशी त्यांची माणसं ग्राइंडर घेऊन आली, बॉडी कापली, चासीचे गॅस कटरनं दोन तुकडे केले. एका दाराच्या आतल्या कडेला माझी मास्किंग टेप राहून गेली होती, मला तेवढीच दिसत होती. पैसे पूर्ण भेटले, तक्रार ती नाही. पण तोडली काहून? विकायची होती, नाहीतर कॉलेजला द्यायची होती. तुकडे अजून शेडमागं पडून आहेत, कबाडी सोमवारी येतो.

उत्तर : भाऊ, तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, किती मेहनतीनं बनवतात आणि शेवटी जाळतात, पण बनवणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तुला कोणी सांगितलंच नाही, आणि मला वाटतं दुखलंय ते तिथंच.

आता कारण. शोची गाडी दिसते गाडीसारखी पण तिचं पासिंग होत नाही. बऱ्याच शो-कारमध्ये काचेच्या जागी ॲक्रिलिक असतं, एअरबॅग नसते, कधी इंजिनच नसतं, ढकलत स्टेजवर आणतात नाहीतर छोट्या मोटरवर हळूहळू चालवतात. तुमच्या चासीची जुनी आरसी असली तरी नव्या बॉडीशी ती जुळणार नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा मनासारखा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. अशी गाडी विकली आणि घेणाऱ्यानं ती वर्धा रोडवर काढली, ब्रेक लागला नाही, माणूस गेला, तर नाव कोणाचं येणार? बोनेटवर ज्याचं आहे त्याचं. म्हणून कंपनीचा वकील आधीच म्हणतो, तोडा. ठेवायला जागा लागते, दोन वर्षांनी डिझाइन जुनं दिसतं, हेही आहेच.

बाहेरून आणलेल्या गाडीचं वेगळं असतं. ती फक्त प्रदर्शनापुरती, कार्नेट नावाच्या तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, ड्यूटी न भरता येते आणि मुदतीत परत जावी लागते. इथंच विकायची तर ड्यूटी भरा, नाहीतर परवानगी काढून कस्टमवाल्यांच्या देखरेखीखाली नष्ट करा. परत न्यायचा जहाजाचा खर्च बघून काही जण तोच रस्ता धरतात.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर झालंय. क्रायस्लरनं 1963 ते 1966 मध्ये टर्बाइन इंजिनच्या 50 गाड्या 203 लोकांना आळीपाळीनं फुकट वापरायला दिल्या, प्रोटोटाइप धरून एकूण 55 बनल्या होत्या, त्यातल्या 46 मोडून टाकल्या. कॉलेजला द्यायचं म्हणतोस, तर 2014 मध्ये त्याच कंपनीनं कॉलेजांना शिकवायला दिलेल्या 93 व्हायपर स्पोर्ट्स कार चिरडायला सांगितल्या. मला हे पटत नाही. वकिलाची भीती खरी आहे पण तिला तोडणं हा एकच इलाज नाही, जनरल मोटर्सनं ईव्ही-वन या इलेक्ट्रिक गाड्या बहुतेक चिरडल्या तरी काही चालणार नाहीत अशा करून म्युझियम आणि कॉलेजांना दिल्याच की.

आणि याच जनरल मोटर्सची एक गोष्ट खास तुझ्यासाठी. 1950च्या दशकात त्यांचं मोटोरामा नावाचं फिरतं प्रदर्शन असायचं, त्यातल्या चार शो-कार डेट्रॉइटजवळच्या एका कबाड्याकडे कापायला पाठवल्या. 1955ची बिस्केन तर कापलीही. पण त्या माणसानं माल पुढे जाऊ दिला नाही, आवारातच दडवून ठेवला, आणि तीसेक वर्षांनी जो बोर्ट्झ नावाच्या संग्राहकानं चारही घेतल्या. बिस्केनचे तुकडे जोडून ती पुन्हा उभी केली, आज ती बघायला मिळते.

पुढच्या वेळी काम घ्यायच्या आधीच विचार, शो झाल्यावर गाडीचं काय करणार, आणि ते कागदावर लिहून घे. इंजिन काढून, चासी कायमची बंद करून बॉडी एखाद्या आयटीआयला द्यायची अट टाकून बघ, काही जण ऐकतील. प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेव, पण डिझाइन कंपनीचं असेल तर आधी विचारूनच कुठं टाक.

आणि आजच कंपनीच्या त्या माणसाला फोन लाव. म्हणावं, गाडी नको, फक्त ते टेपवालं दार द्या, गॅरेजात भिंतीवर लावतो. सोमवारच्या आत लाव.