गुण सुधारले, चुकीचा जाब कोणाकडे मागायचा?

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीच्या गणितात ५४ गुण मिळाले होते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवल्यावर पुरवणीतील दोन प्रश्न तपासलेच नसल्याचे दिसले आणि पुनर्मूल्यांकनात तिचे गुण ७१ झाले. तोवर अकरावी प्रवेशाच्या दोन फेऱ्या उलटून गेल्या होत्या. परीक्षा मंडळाने सुधारित गुणपत्रिका दिली, मात्र चूक कशी झाली याविषयी एक ओळही लिहिली नाही. याचा जाब कोणाला विचारावा?
— एक पालक, परळ, मुंबई

उत्तर : नवी गुणपत्रिका हाती ठेवली की जबाबदारी संपली, असे मंडळाला मानता येणार नाही. पुरवणी परीक्षकाच्या नजरेतून सुटली असेलही. पण परीक्षकाच्या वर नियामक आणि मुख्य नियामक नेमलेले असतात ते तपासणीवर देखरेख ठेवण्यासाठीच, त्यामुळे दोष एकट्या परीक्षकाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

कायद्याने विद्यार्थ्याला फार उशिरा साथ दिली. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये राज्य मंडळाचा पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध ठरवला होता. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, हे त्याच न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी स्पष्ट केले. मात्र परीक्षकाचे नाव उघड करण्यास मनाई कायम ठेवली. ही मनाई योग्यच आहे, परंतु नाव गुप्त असल्यामुळे संस्थेची जबाबदारी उलट वाढते, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरले जाते.

परदेशातही जबाबदारी खालच्या पायरीवर घसरताना दिसते. इंग्लंडमध्ये २०२० साली परीक्षा रद्द झाल्यावर संगणकीय सूत्राने शिक्षकांनी सुचवलेल्या सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आणल्या आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. नियामक संस्थेच्या प्रमुख सॅली कोलियर यांनी राजीनामा दिला, शिक्षण खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही जावे लागले. शिक्षणमंत्री गॅविन विल्यमसन मात्र आणखी वर्षभर पदावर राहिले.

आपण आता माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ‘चूक का झाली?’ असे विचारल्यास उत्तर टाळले जाण्याची शक्यता असते, कारण हा कायदा उपलब्ध नोंदी देतो, खुलासे देण्याचे बंधन घालत नाही. म्हणून नियामकांच्या शेऱ्यांच्या, पुनर्मूल्यांकनाच्या नोंदींच्या आणि या चुकीबाबत काही कार्यवाही झाली असल्यास तिच्या कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. लेखी खुलासा आणि दिलगिरी मागणारे पत्र मंडळाच्या सचिवांना स्वतंत्रपणे द्यावे. प्रवेशाबाबतचा अर्ज सुधारित गुणपत्रिकेसह चर्नी रोडच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयात देऊन पोच घ्यावी. उत्तरपत्रिका ठराविक काळच जपून ठेवल्या जात असल्याने हे सारे याच आठवड्यात करावे.