भोपळ्याचा कंदील की कूष्मांडदीप?

प्रश्न असा आहे : 'आमच्या मंडळात 31 ऑक्टोबरला मुलांची हॅलोवीन पार्टी आहे. निमंत्रण मराठीत लिहायचे आहे. जॅक-ओ-लँटर्नला (चेहरा कोरून आत दिवा ठेवलेल्या भोपळ्याला) "कूष्मांडदीप" आणि स्पूकी डेकोरेशनला "भुताळी सजावट" असे शब्द कोणी सुचवले. ते चालतील का? आणि भोपळा कापण्याची स्पर्धा म्हणायचे की कोरण्याची?'

कूष्मांडदीप नको. भुताळी तर मुळीच नको. स्पर्धा कोरण्याची. आता कारणे.

आधी सणाच्या नावाचे. 'हॅलोविन' असा ऱ्हस्व वि लिहू नका. गरीब, वकील, कंदील लिहिताना उपान्त्य अक्षर दीर्घ करता ना, मग इथेच हात का आखडतो? 'हॅलो'चा नमस्काराशी संबंध नाही. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजीतला संत, पवित्र पुरुष. 'होली' हा शब्द त्याच घरातला. शेवटचा 'ईन' म्हणजे 'ईव्हनिंग'मधल्या 'ईव्हन'चा स्कॉटिश आखूड उच्चार. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोवीन. तेव्हा दरवर्षी कुणीतरी ठणकावून सांगते तशी ही 'गोऱ्यांची सर्वपित्री अमावस्या' नव्हे. पितरांशी नाते लावायचेच असेल तर 2 नोव्हेंबरशी लावा. त्या दिवशी मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते, आणि वसईच्या दफनभूमीतही कबरींवर फुले आणि मेणबत्त्या लागतात. त्यात ना भोपळा, ना भुते.

आता कूष्मांड. सुचवणाऱ्याने शब्दकोश उघडला आणि स्वयंपाकघर बंद ठेवले. कूष्मांड म्हणजे कोहळा : पांढरी भुकटी धरलेला, आतून पांढऱ्या गराचा, पेठ्याचा. कूष्मांड, कोहंड, कोहळा ही प्राकृतातून आलेली सरळ वाट आहे. हाच कोहळा दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दारावर टांगतात. त्याला डोळे-तोंड कोरून आत दिवा ठेवला तर मुले घाबरणार नाहीत, आजी मात्र घाबरेल. (विदर्भात लाल भोपळ्यालाच 'कोहळं' म्हणतात हे खरे, पण तिथले कुणी त्याचा 'कूष्मांड' करत नाही.)

हॅलोवीनचे फळ लाल भोपळ्याच्या कुळातले. कुठे तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे काशीफळ, खानदेशाकडे गंगाफळ. नुसते 'भोपळा' लिहिले तर अर्धे पालक दुधी घेऊन येतील आणि त्यांची चूक नसेल. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. तो इकडे येण्याआधी मराठीतला भोपळा म्हणजे तंबोऱ्याचा, सांगडीचा, म्हणजे दुधीच्या जातीचा. नंतर आलेल्याला 'लाल' हे विशेषण लावून घरात घेतले. म्हणून निमंत्रणात पहिल्यांदा 'लाल भोपळा' लिहा, पुढे नुसता 'भोपळा' पुरेल.

'पम्पकिन' या शब्दाची वाट मात्र आपल्या चुलीपर्यंत येते. ग्रीक 'पेपोन' म्हणजे उन्हात शिजलेला, पूर्ण पिकलेला, आणि त्यावरून पिकल्यावरच खायचे मोठे वेलफळ. ग्रीकांनी लाल भोपळा पाहिलाच नव्हता. त्यांच्यापुढे होते खरबूज-कलिंगडाच्या जातीचे काही. ग्रीकमधून लॅटिन 'पेपो', फ्रेंच 'पोंपों', इंग्रजी 'पोंपियन', आणि शेवटी शेपटीला 'किन' लागून 'पम्पकिन'. वनस्पतिशास्त्राने तो 'पेपो' जपून ठेवला आहे : कोरायच्या नारिंगी भोपळ्याचे शास्त्रीय नाव 'कुकुर्बिटा पेपो'. या 'पेपोन'चा धातू तोच, जो संस्कृतात 'पच्'. पक्व, पक्का, पाक, स्वयंपाक, पक्वान्न आणि आपले साधे 'पिकणे', सगळे पम्पकिनचे चुलतभाऊ. 'कुक' आणि 'किचन' हे लॅटिनमार्गे त्याच धातूवरून. संस्कृतातही 'पच्'चे दोन्ही अर्थ आहेत, विस्तवावर शिजणे आणि झाडावर पिकणे. ग्रीक माणसाने ऊन हाच विस्तव मानला, एवढाच फरक.

आणि हे व्युत्पत्तीचे सत्य हॅलोवीनच्या रात्री उंबऱ्यावर सिद्ध होते. कोरलेल्या भोपळ्यात खरी मेणबत्ती तीन-चार तास जळली की झाकण आतून करपते, भिंती मऊ पडतात आणि सकाळी चेहरा तोंड आत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. तो सडलेला नसतो, शिजलेला असतो. पेपोन! म्हणून बॅटरीवरचा एलईडी दिवा वापरा. मेणबत्तीच हवी असेल तर झाकणाला मागच्या बाजूने रुपयाएवढे धुराडे ठेवा.

कापणे की कोरणे, याला कारण क्रियेतच आहे. कापले की फोडी होतात. कोरले की वस्तू अख्खी राहते आणि तिच्यातून काही काढले जाते : कान कोरणे, भुवया कोरणे, लाकूड कोरणे. स्पर्धेत एकच काम खऱ्या अर्थाने कापायचे, ते झाकण. आणि सगळ्यात जास्त चुकते तेच. सुरी उभी धरून गोल कापले की झाकण थेट आत पडते. पाते आतल्या बाजूला तिरके, साधारण 45 अंशांत धरा, म्हणजे झाकण बुचासारखे बसते. मागे एक खाच ठेवा; नाहीतर झाकण नेमके कुठून बसवायचे यावर घरात विळ्या-भोपळ्याचे सख्य सुरू होते. काही जण झाकण वरून न काढता बुडाला भोक पाडतात. दिवा आधी ठेवून त्यावर भोपळा पालथा घालायचा. ही रीत अधिक चांगली, कारण देठाचा भाग शाबूत राहून वरचा भाग ढासळत नाही. देठाला धरून मात्र उचलू नका, तो हातात येतो.

मग बिया आणि धागे काढायचे, आणि ज्या बाजूला चेहरा येणार तिथला गर आतून खरवडून भिंत दोन ते अडीच सेंटिमीटर करायची. जाड ठेवली तर करवतीचे पाते अडकते आणि डोळ्यांतून उजेड नीट येत नाही. पातळ केली तर दोन दिवसांत कडा आत वळतात. आधी बारीक काम, मोठे तोंड शेवटी. तोंड आधी कापले की भिंतीचा जोर जातो आणि डोळे कोरताना ती चिरते. कापलेला तुकडा बाहेरून ओढू नका, आतून बोटाने ढकला. काम झाल्यावर चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीच घालून भोपळा त्यात बुडवा, कोरडा करा आणि कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावा. ब्लीचने बुरशी थांबते, व्हॅसलीनने कडा सुकत नाहीत. थंड हवेत तो चार-पाच दिवस टिकतो. मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्ये ब्लीच लावले तरी दीड दिवस, तेव्हा तिथे त्याच दिवशी सकाळी कोरा.

मंडईतल्या देशी भोपळ्याचा प्रश्न वेगळा. तो 'कुकुर्बिटा मोस्काटा' : बसका, खोल धारांचा, गर भरपूर जाड. अमेरिकेत कोरण्यासाठी 'हाउडन' नावाची जात मुद्दाम काढली गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने 1960च्या दशकात ती तयार केली : उभट, पातळ गराची, दणकट देठाची. चवीला ती पाणचट. तिच्या गराचे घारगे करू नका. पीठ मळता मळता सैल होत जाईल आणि कढईत ते पसरतील. देशी भोपळ्याचे घारगे उत्तम होतात आणि चेहरे वाईट. निसर्गाची ही वाटणी मान्य करावी.

आता मुद्द्याचा शब्द : कंदील. 'दीप' सुचवणाऱ्याने बहुधा असा विचार केला असावा की कंदील अरबी, म्हणून परका. दीप संस्कृत, म्हणून आपला. शब्दशुद्धीची ही जुनी खोड. कंदील अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला हे बरोबर. पण अरबीत तो कुठून आला? अरबी 'किंदील' ग्रीक 'कंदेला'कडून, आणि ग्रीकांनी तो लॅटिन 'कांदेला'कडून उसना घेतला. लॅटिन 'कांदेला' म्हणजे मेणबत्ती. 'कँडल' तीच, फ्रेंचमार्गे आलेले झुंबर 'शँडेलिअर' तेच. पाठीमागे क्रियापद 'कांदेरे', लखलखणे, पांढरे तेजाळणे. आणि त्याचा संस्कृतातला सख्खा नातेवाईक कोण? चंद्र!

चंद्र म्हणजे मुळात लखलखणारा. या धातूच्या आरंभी जुना 'स' होता, तो संस्कृतात 'श्' होऊन 'श्चन्द्र' झाला आणि एकट्या शब्दात गळून पडला. समासात मात्र टिकला. 'हरिश्चंद्र' या नावात मधला 'श्' आला कुठून, असा विचार कधी केला आहे का? हरि अधिक चंद्र एवढेच असते तर 'हरिचंद्र' व्हायला हवे होते. पाणिनीने 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी' असे सूत्र करून त्या जागी जादा 'स'चा आगम सांगितला. व्याकरणशाळेत हेच शिकवतात आणि तोंडपाठ करणारे त्यापुढे बघत नाहीत. पाणिनीचे निरीक्षण अचूक आहे, वर्णन उलटे. 'स' बाहेरून आलेला नाही. तो आधीपासून होता, इतरत्र गळला आणि इथे राहिला. पाणिनीपाशी शेजारच्या भाषा नव्हत्या, त्याला दोष नाही. आज तेच उत्तर देणाऱ्यांना आहे. (चंदनाला मात्र या नात्यात ओढू नका. त्याचा उगम द्राविडी असण्याचा संभव मोठा आहे.)

तर कंदील म्हणजे अरबस्तानातून फिरून आलेला चंद्राचा भाऊबंद. त्याला परका ठरवून हाकलायचे आणि जागेवर कूष्मांडाला बसवायचे, हा कुठला न्याय? शिवाय दिवाळीत आकाशकंदील लावताना ही शुद्धी कुणाला आठवत नाही. 2024 साली तर लक्ष्मीपूजन बऱ्याच ठिकाणी 31 ऑक्टोबरलाच होते. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्या संध्याकाळी वर आकाशकंदील आणि पायरीवर भोपळ्याचा कंदील, दोन्ही एकाच शब्दाने बोलावता आले असते.

'जॅक'चे काय, असा प्रश्न उरतो. सैतानाला फसवून निखारा घेऊन भटकणाऱ्या कंजूष जॅकची गोष्ट सगळीकडे व्युत्पत्ती म्हणून सांगितली जाते. ती गोष्ट आहे, व्युत्पत्ती नव्हे. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'जॅक' म्हणजे कुणीही सोम्यागोम्या. कंदील घेऊन फिरणारा सोम्या म्हणजे रात्रीचा पहारेकरी. पुढे दलदलीवर रात्री हलणाऱ्या फिकट उजेडाला तेच नाव पडले, कारण तो वाटसरूला वाट चुकवतो. आपल्याकडे हे काम चकवा करतो. भाजी कोरून केलेल्या दिव्याला हे नाव फार नंतर लागले, आणि आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ती भाजी सलगम होती, भोपळा नव्हता. सलगम कोरून पाहा : कच्चा मुळा चमच्याने खरवडल्यासारखे होते. अमेरिकेत भोपळा मिळाल्यावर लोकांनी सलगम का सोडले, ते लगेच कळते. मराठीत जॅकला आणू नका. 'भोपळ्याचा कंदील' पुरे.

'भुताळी' राहिलेच. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत भुताळी म्हणजे करणी करते असा ठपका ठेवलेली बाई. त्या ठपक्यापायी बायकांना मारहाण झाली आहे, आणि असा आरोप करणे 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मुलांच्या पार्टीला तो शब्द लावू नये. 'भुताखेतांची सजावट' म्हणा, मोठ्यांची पार्टी असेल तर 'भुताटकीची'. आणि कापसाच्या ज्या जाळ्या पिशवीत मिळतात त्यांना 'कोळ्याचे जाळे' लिहू नका. जाळे ताजे, रेखीव, कोळी आत बसलेले असते. पडक्या घरात लोंबते ते जळमट किंवा कोळिष्टक, आणि तुम्हाला तेच हवे आहे. ती पिशवी हाताने ताणून जवळजवळ दिसेनाशी करा, नाहीतर भिंतीवर उशी फुटल्यासारखी दिसते. मेणबत्तीचा भोपळा असेल तर जळमटे त्याच्यापासून निदान हातभर दूर. कापूस पेट घ्यायला वेळ लावत नाही.