मी २९ वर्षांचा आहे आणि एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. परराष्ट्र घडामोडींचं वार्तांकन शिकायला मराठी पत्रकाराला फेलोशिप मिळते का?

मिळते. इंग्रजी यायला हवं, पण त्यासाठी इंग्रजी पेपरात असावं लागत नाही.

तुमच्या वयाला डॅग हॅमरशोल्ड फंडाची फेलोशिप अगदी योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हॅमरशोल्ड १९६१ मध्ये विमान कोसळून गेले. त्यांच्या नावाने चालणारा हा फंड विकसनशील देशांतले २५ ते ३५ वयाचे मोजके पत्रकार दरवर्षी निवडतो आणि आमसभेच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला नेतो. प्रवास, राहणं, रोजचा खर्च त्यांचा. तिथून तुम्ही आपल्याच पेपरला बातम्या पाठवायच्या. त्यामुळे रजा देतो, पगार चालू ठेवतो, बातम्या छापतो, असं संपादकांचं पत्र लागतं. छोट्या पेपरांत गाडी इथेच अडते, तेव्हा आधी संपादकांशी बोला. आदल्या वर्षी ज्या देशाचा पत्रकार निवडला, त्या देशाला लगेच पुढच्या वर्षी सहसा घेत नाहीत, हेही बघून घ्या.

तिथे जाऊन काय मिळतं? युक्रेनवरच्या रशियाच्या आक्रमणाविरुद्धचा आमसभेचा २ मार्च २०२२ चा ठराव घ्या. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५ आणि त्या तटस्थांत भारत. वृत्तसंस्थेच्या बातमीतून आपल्या डेस्कवर येतं ते बहुतेक एवढंच. पण मतदानाच्या वेळी प्रतिनिधी आपलं मत असं का, हे सभागृहात सांगतात. ते निवेदन तोलूनमापून लिहिलेलं असतं. कोणता शब्द घातला, कोणता गाळला, कोणाचं नाव टाळलं, यात खरी बातमी असते. शिवाय प्रवक्त्यांची रोजची दुपारची ब्रीफिंग आणि सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर राजदूतांना गाठून प्रश्न विचारणं. हे इथे बसून शिकता येत नाही.

आमच्याकडच्या तरुण सहकाऱ्यांचे अर्ज मी वाचून देतो. बहुतेकांचा विषय 'भारत-अमेरिका संबंध' इतका ढोबळ असतो. तो दिल्लीचा कुठलाही पत्रकार लिहील. आपल्याकडे कांद्यासारखा विषय आहे! ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला ४० टक्के शुल्क ठेवून खुली झाली. मधल्या काळात बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, अमिराती, बहारीन यांना सरकारी मंजुरीने ठरावीक कांदा जात होता. कोणाला किती द्यायचा, हे परराष्ट्र धोरणच झालं, आणि त्याचा परिणाम लासलगावच्या लिलावात दिसतो. शेजारी देशांशी वागणं आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव यांची सांगड घालून लिहिणारा माणूस निवड समितीला रोज भेटत नाही.

पुढे अनुभव वाढला की लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातला चिव्हनिंगचा (ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती योजना) दक्षिण आशियाई पत्रकारांसाठीचा आठ आठवड्यांचा कार्यक्रमही आहे.

सध्या एवढं करा: आपल्या तीन-चार चांगल्या बातम्या निवडून त्यांचं इंग्रजी भाषांतर स्वतः करा आणि इंग्रजी उत्तम असलेल्या कोणाकडून तरी तपासून घ्या. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही.