फ्रेस्कोबाल्दीच्या कॅन्झोना ऐकताना नेमकं काय टिपायचं?

फ्रेस्कोबाल्दी हा सतराव्या शतकातला इटालियन संगीतकार; कॅन्झोना म्हणजे त्या काळातली वाद्यांसाठीची रचना. आधी सुरुवातीचा ठेका पकडा. बऱ्याच कॅन्झोना एक लांब, दोन आखूड अशा सुरांनी उघडतात. शाळेतला 'भ' गण आठवा, 'भास्कर'! हा ठेका फ्रेंच गाण्यांतून, शांसाँमधून आला. इटालियन वादकांनी शब्द गाळले आणि चाल वाद्यांवर घेतली.

फ्रेस्कोबाल्दी रोमच्या सेंट पीटर्स चर्चचा ऑर्गनवादक. त्याचा १६२८चा संग्रह एक ते चार सुरावटींसाठी आहे, खाली बासो कंटिन्युओ. म्हणजे खर्जाची एकच ओळ लिहिलेली, वरचे स्वरमेळ हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा ऑर्गनवाल्याने जागेवर भरायचे. वरची ओळ कोणत्या वाद्यावर वाजवायची तेही मोकळं; व्हायोलिन चालेल, कॉर्नेटो, म्हणजे लाकडी फुंकवाद्यही चालेल.

खरी गंमत तुकड्यांच्या जोडणीत आहे. एक वाद्य चाल सुरू करतं, दुसरं मागून तीच उचलतं, पळापळ रंगात येते आणि अचानक सगळं संथ होतं. चार-सहा मात्रा नुसतं रेंगाळणं, मग थेट तीनाच्या लयीत उडी. एकाच लयीत वाजवलेली ध्वनिमुद्रणं मला म्हणूनच अगदी बेचव वाटतात. पहिल्यांदा ऐकणार असाल तर एकट्या वरच्या सुरावटीची कॅन्झोना घ्या, हे सांधे चटकन कळतात.