इंदूरमधील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना व पंचांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

कॅमेरे आणि पहारेकरी यांचा विचार नंतर करावा. पहिली बैठक मुलांच्या सुरक्षिततेवर घ्यावी, कारण तेथे कायद्याचे बंधन आहे. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने न कळवल्यास कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘आधी पंचांत बोलू, मग पाहू’ ही आपल्याकडची जुनी रीत येथे चालत नाही. रविवारच्या शाळेत मुले कधीही एकट्या शिक्षकाच्या भरवशावर ठेवू नयेत, हेही त्याच बैठकीत ठरवावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतक्रमांक सर्वांना पाठ असावा.

दुसरी बैठक आगीची, तीही नाताळच्या गर्दीआधी. अग्निशामक सिलिंडरची पिन काढून, नळीचा रोख ज्वाळेवर नव्हे तर आगीच्या बुडाशी धरून फवारा मारण्याचा सराव प्रत्येक पंचाने मोकळ्या अंगणात करावा, आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे पाहण्यासाठी एक माणूस नेमावा. जादा खुर्च्या बाजूच्या दारात रचून ठेवण्याची सवय (ती बहुतेक ठिकाणी असतेच) त्याच दिवशी मोडावी. दंगा किंवा धमकीचा प्रसंग आल्यास हुज्जत न घालता ११२ वर फोन करावा. तो कोणी करायचा, हे मात्र आधीच ठरलेले असावे.